शब्दाला दोन साक्षीदार

चिखलीच्या खंडू मळेकरला रस्त्यात कुणी राम राम घातला, तर तो आधी थांबून त्या माणसाकडे नीट बघायचा. याला आपल्याकडून काय हवं असेल, हे मनाशी ठरलं की मगच त्याचा हात वर जायचा. त्याची बायको तानुबाई सांगायची, लग्नात मंगलाष्टकं चालू असतानासुद्धा हा माणूस अंतरपाटाच्या खालून पाय बघत होता, पोरगी तीच आहे ना म्हणून. तानुबाईचं सगळंच खरं धरायचं कारण नाही, पण हे खरं असावं.

जन्मतः मात्र तो असा नव्हता. त्याला असा केला तो एका इंग्रजी शब्दाने.

साल त्रेसष्ट. चिंचवडच्या माळावर कारखान्यांची पत्र्याची छपरं नुकती चमकायला लागली होती, आणि सातवी पास खंडूला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात नोकरी लागली. हातात पत्र पडलं ते इंग्रजीत टाइप केलेलं. ते घेऊन तो यशवंतरावांकडे गेला. यशवंतरावांना इंग्रजी येतं असं सगळं गाव मानायचं, आणि गावाचा हा समज यशवंतरावांनी कधी मोडला नव्हता. त्यांनी चष्मा लावला, पत्र लांब धरलं, जवळ धरलं, आणि एका लांबलचक शब्दावर बोट ठेवलं.

"प्रोबेशन," ते म्हणाले. "खंडू, नशीब काढलंस. प्रोबेशनवर घेतलंय तुला. म्हंजे वरची जागा समज."

खंडूने अख्ख्या आळीला पेढे वाटले. सासुरवाडीला वेगळा पुडा पाठवला. सहा महिन्यांनी कंपनीने दुसरं पत्र दिलं, की तुमचं प्रोबेशन आणखी तीन महिने वाढवण्यात येत आहे. खंडू पुन्हा पेढे आणायच्या बेतात होता, तेवढ्यात टाइम ऑफिसातल्या कारकुनाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबा रे, प्रोबेशन म्हणजे अजून तुझी परीक्षा चालू आहे, पटलास तर ठेवतील. त्या आठवड्यात खंडू सायकलवरून पारापुढून जायचा तेव्हा मान खाली घालून जायचा, आणि पारावरून कुणीतरी विचारायचंच, "खंडूशेठ, यंदा पेढे कंदी का साधे?"

तिथून खंडूने ठरवलं, की इंग्रजी शब्द एका माणसाच्या तोंडून घ्यायचा नाही.

मग घ्यायचा कसा? त्याच्या चुलत्याच्या विहिरीच्या भांडणात एकदा तलाठी पंचनामा करायला आला होता. विहिरीच्या काठावर मांडी घालून बसला, दोन माणसांना वेगवेगळं विचारलं, लिहिलं आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या. ते खंडूच्या मनात पक्कं बसलं होतं. त्याने दोनशे पानी वही घेतली आणि रेघा मारून चार रकाने पाडले. पहिल्यात शब्द, तो इंग्रजी अक्षरांत, रांगोळी काढावी तसा. दुसऱ्यात म्हणायचा कसा. तिसऱ्यात अर्थ. आणि चौथ्या रकान्यावर मथळा होता, 'समक्ष'. त्यात दोन सह्या. साक्षीदार एकमेकांच्या उठबशीतले नसावेत, आणि त्या शब्दाबद्दल त्यांचं आपसात बोलणं झालेलं नसावं, ही अट वेगळी.

सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. मग वैताग आला.

"खंडू, अरे ड्राय म्हणजे कोरडं. एवढ्याला काय सही?"

"लागंल."

"तुझा माझ्यावर इश्वास नाही?"

"तुमच्यावर हाय. शब्दावर न्हाई."

माणूस सही करून सुटका करून घ्यायचा, आणि खंडू दुसऱ्या दारात जाऊन तोच शब्द काहीच माहीत नसल्यासारखा पुन्हा विचारायचा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर शब्द 'तपास चालू' म्हणून वेगळ्या पानावर जायचा. 'शेड्यूल' हा शब्द त्या पानावर चार वर्षं पडून होता, कारण निम्मे लोक तो शेड्यूल म्हणत आणि निम्मे स्केड्यूल, आणि दोन्हीकडचे लोक छातीवर हात ठेवून सांगत.

त्याचे हुकमी साक्षीदार दोन. एक श्रीपादराव, टाइम ऑफिसातले तेच कारकून, ज्यांनी त्याला प्रोबेशनचा अर्थ सांगितला होता. चिंचवड गावठाणात राहणारे, रोज इंग्रजी पेपर पहिल्या पानावरच्या तारखेपासून वाचणारे. त्यांना उच्चाराचा भारी सोस. 'व्हॉल्व्ह' म्हणताना ते दात असे ओठावर ठेवत, की समोरच्याला आपण आजवर तो शब्द उष्टाच वापरला असं वाटावं. दुसरे भीमराज, इन्स्पेक्शन खात्यातले. पिंपरीत राहणारे, नाइट स्कूलमधून मॅट्रिक झालेले. त्यांच्याकडे जाडजूड इंग्रजी कोश होता. तो ते कापडात गुंडाळून मायक्रोमीटरच्या कपाटातच ठेवत. कुणी शब्द विचारला तर भीमराज तोंडी उत्तर देत नसत. हात पुसत, कोश काढत, पान लावत, वाचत, मिटत, आणि मग बोलत. खंडूला हे आवडायचं. तरी एकदा त्याने विचारलंच होतं, "ह्यो कोश छापला कुनी?"

भीमराज म्हणाले, "का, त्याची पण सही आणू?"

शब्द वाढत गेले. आधी पेट्यांवरचे: केअर, अप, फ्रॅजाइल. फ्रॅजाइल आधी खंडूने दीड वर्ष 'फ्रागिले' वाचला होता, आणि पॅकिंग खातं पुढेही तेच म्हणत राहिलं. मग कागदांवरचे. 'रिसीट' या शब्दात एक पी आहे आणि तो म्हणायचाच नाही, हे कळल्यावर खंडूचा संशय दुप्पट झाला. "हजेरी लावतो आन कामाला येत न्हाई," तो म्हणाला, "टाइम ऑफिसनं ह्याचा खाडा लावाया पायजे." श्रीपादरावांनी हा विनोद पुढे आपला म्हणून चार ठिकाणी सांगितला. पुढे पुढे दुर्मिळ शब्द येऊ लागले. पेट्यांच्या फटीत कोंबायचा पेंढा आणि फळकुटं म्हणजे 'डनेज'. रेल्वेचा डबा वेळेत रिकामा केला नाही तर बसतो तो दंड म्हणजे 'डेमरेज'. ऐवजी म्हणायचं असलं तर 'इन ल्यू ऑफ', त्यातला 'ल्यू' ओठाचा चंबू करून. एकदा मॅनेजरसाहेब खाली येऊन म्हणून गेले, की मद्रासची ऑर्डर 'अबेयन्स'मध्ये आहे. सगळे हातोडे थांबवून एकमेकांकडे बघू लागले. खंडू खिळा ठोकता ठोकता म्हणाला, "थांबवलीय. रद्द न्हाई. लांबनीवर." साहेब चार पावलं पुढे गेले होते, ते वळून त्याच्याकडे बघून गेले.

असं करता करता साल सत्त्याहत्तर उजाडलं. खंडूच्या चार वह्या झाल्या होत्या, आणि डिस्पॅच ऑफिसात कारकुनाची एक जागा निघाली.

कामगाराला स्टाफमध्ये जायची ही पहिलीच संधी होती. डिस्पॅचच्या कारकुनाला खुर्ची होती, पंखा होता, चहा जागेवर यायचा. खंडूला यातल्या कशाचं फार अप्रूप नव्हतं. त्याला ती जागा हवी होती, कारण तिथे बसणारा माणूस इंग्रजी कागद वाचून दुसऱ्यांना अर्थ सांगतो. बारा वर्षं तो लोकांच्या दारात अर्थ विचारत फिरला होता. आता कुणी तरी त्याच्या दारात यावं, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि पारावरच्या पेढ्यांवर दुसरा उतारा त्याला सुचत नव्हता. जागेसाठी अर्ज दोनच. एक खंडूचा. दुसरा सुरेंद्रचा. सुरेंद्र बी.कॉम. झालेला, ॲकाउंट्समध्ये हंगामी चिकटलेला, आणि श्रीपादरावांच्या बायकोचा सख्खा भाऊ.

सोमवारी मॅनेजरसाहेब दोघांची तोंडी परीक्षा घेणार होते. डिस्पॅचच्या कागदांवरचे शब्द विचारणार, हे आधीच फुटलं होतं. कंपनीत अशा गोष्टी फुटायला जितका वेळ लागावा तितकाच लागला होता.

आदल्या शुक्रवारी खंडू श्रीपादरावांच्या खिडकीशी वही घेऊन उभा होता. एका शब्दावर सही हवी होती. सही करता करता श्रीपादरावांनी सहज मागची पानं चाळली, एका ओळीवर थांबले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"खंडू, हे काय लिहिलंयस? 'टेअर. पेटीवर दुसरे ओझे किती किलोपर्यंत ठेवता येते तो आकडा.' कुणी सांगितलं हे?"

"का? काय चुकलं?"

"टेअर म्हणजे रिकाम्या पेटीचं वजन रे. आत काही नसताना भरेल ते. सोमवारी हमखास विचारतील, आणि हे बोललास तर साहेब खुर्चीवरून पडतील."

खंडूने वही ओढून घेतली. ओळ पासष्ट सालची होती, वही सुरू केल्याच्या पहिल्या महिन्यातली. पुढे दोन सह्या होत्या. एक ट्रॉली चालवणाऱ्या मारुतरावांची, दुसरी चिंचवड स्टेशनच्या मालधक्क्यावरचे मुकादम सोपानराव यांची. या दोघांमध्ये कुठल्याशा जुन्या कारणावरून बोलचाल बंद होती, ती तेव्हापासून आजतागायत. म्हणजे साक्ष अशी पक्की, की कोर्टातही मिळाली नसती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पेटी बनवणारा सुतार प्रत्येक पेटीच्या कडेला काळ्या शाईत 'टेअर' आणि पुढे आकडा छापून पाठवायचा. बाकीची वजनं वर ऑफिसात कागदावर असायची, पेटीवर एवढाच आकडा. बहुतेक पेट्यांवर अठरा किलो. मोठ्या पेटीवर मोठा आकडा, लहानीवर लहान. तेव्हा मोठी पेटी जास्त ओझं पेलणार, हे अगदी बरोबर बसत होतं. भरलेली पेटी मात्र त्या आकड्याहून कितीतरी जड, त्यामुळे या समजापायी पॅकिंग खात्यात बारा-तेरा वर्षं एकाही भरलेल्या पेटीवर दुसरी भरलेली पेटी ठेवली गेली नव्हती. पेट्या गोडाउनभर सुट्या सुट्या उभ्या असायच्या, लग्नातल्या रुसलेल्या व्याह्यांसारख्या. जागा संपली की अंगणात ताडपत्रीखाली. नवीन माणूस एकावर एक लावायला गेला, की खात्यातलं कुणीही ओरडायचं, "टेअर बघ, टेअर." ट्रकवाले मात्र बिनदिक्कत तीन-तीन रचून न्यायचे. ते ट्रकवाले, त्यांना कुठला टेअर. शेवटी शहात्तर साली कंपनीने याच खात्यासाठी नवी लांबलचक शेड बांधली होती. तिच्या उद्घाटनाला नारळ खंडूनेच फोडला होता.

तेव्हा श्रीपादराव सांगतात ते खरं धरलं, तर ती शेडच खोटी ठरत होती. आणि एवढी मोठी शेड खोटी कशी असेल?

घरी जाताना सायकलवर खंडूने हिशेब मांडला. श्रीपादराव एकाएकी इतके उदार का झाले? मेहुणा परीक्षेला बसलाय आणि हे माझे शब्द सुधारताहेत? बायको घरात घेईल का त्यांना? सरळ आहे, बरोबर असलेला शब्द मोडून ठेवायचा आणि सोमवारी माझं तोंड फुटायचं. चौदा वर्षं या माणसाने आपल्याला कधी चुकीचं सांगितलं नव्हतं, हे खंडूला आठवलं. मग लगेच हेही वाटलं, की खोटं एकदाच खपवायचं असेल, तर माणूस आधी चौदा वर्षं खरंच बोलणार.

शनिवारी तो भीमराजांकडे गेला. त्यांनी हात पुसले, कोश काढला, पान लावलं, वाचलं, मिटलं.

"रिकाम्या पेटीचं वजन," ते म्हणाले. "श्रीपादराव म्हणाले तेच."

खंडूचे कान उभे राहिले. "श्रीपादराव काय म्हनले, ते तुमाला कसं कळलं?"

"काल सुटताना भेटले. हसत होते तुझ्या वहीला."

"आन बुधवारी गेटावरच्या टपरीवर तुमी चा कुनाबरुबर प्यायला?"

"श्रीपादरावांबरोबर. का, चहाला पण दोन साक्षीदार लागतात का?"

"साक्षीदारांनी आपसात बोलायचं नसतंय, भीमराजभाऊ."

"मग कोश बघ. कोश काही टपरीवर येत नाही." त्यांनी पुस्तक फिरवून त्याच्यापुढे धरलं. खंडूने शब्द ओळखला, पण पुढचा अर्थही इंग्रजीतच होता.

"इंग्रजीची साक्ष इंग्रजीच देनार," तो म्हणाला.

भीमराजांनी कोश कापडात गुंडाळला. गाठ नेहमीपेक्षा घट्ट मारली. "खंडूभाऊ, हे पुस्तक घ्यायला मी दोन वर्षं दुपारचा चहा सोडला होता. तुला खोटं सांगायला नाही सोडला." आणि ते वळून मायक्रोमीटर पुसायला लागले.

खंडूला हे लागलं. पण संशय आणि शरम एकाच वेळी मनात आले, की संशयच पाटावर बसतो.

संध्याकाळी तानुबाई ओट्यावर मेथी निवडत होती. ती माहेरच्या मळ्यातली भाजी पिंपरीच्या बाजारात नेऊन विकायची, आणि माणसांपेक्षा तराजूवर तिचा भरवसा जास्त. खंडूने तिला सगळं सांगितलं. श्रीपादरावांचा डाव, भीमराजांचा चहा, सुरेंद्रचं बी.कॉम.

"त्ये काय म्हनत्यात नेमकं?" तिने विचारलं.

"रिकाम्या पेटीचं वजन."

"आन ह्यात डाव कसला? मी पाटीत वांगी घालायच्या आधी रिकामी पाटी तोलती. न्हाईतर गिऱ्हाईक पाटीचं वजन वांग्यात धरंल आन बोंब मारंल. तुमच्या पंपाच्या गिऱ्हाइकाला बी लाकूड नगं आसंल, पंपच पायजे आसंल."

"ते ठीक हाय, पन—"

"पन काय? पेटी हाय, काटा हाय. तोलून बघा की. का काट्याच्या बी सह्या घेनार हाय?"

बारा वर्षांत खंडूने एका शब्दासाठी निम्मी पंचक्रोशी पालथी घातली होती, पण पेटी काट्यावर ठेवून बघावी हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्याच्या लेखी अर्थ माणसाच्या तोंडात असतो, आणि तो तिथूनच सांडशीने काढावा लागतो.

रविवारी, म्हणजे कंपनीच्या कामाच्याच दिवशी, तो पाळी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोचला. सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी सकाळी गोडाउनात वर्दळ असायची, पण इतक्या लवकर कुणी नव्हतं. अठरा छापलेली रिकामी पेटी त्याने काट्यावर ठेवली. काटा अठरावर थांबला. त्याला वाटलं, हा काटाच श्रीपादरावांना सामील असेल. त्याने पंचवीसवाली आणली. पंचवीस. नऊवाली आणली. पावणेनऊ. लाकूड वाळलं होतं.

काट्यावर नऊची पेटी तशीच ठेवून खंडू तिच्या शेजारी खाली बसला. समोर गोडाउनात भरलेल्या पेट्या एकेकट्या उभ्या होत्या, पलीकडे दारातून नवी शेड दिसत होती.

मग त्याला राग आला. हे सांगितलं कुणी? ज्यांनी सांगितलं त्यांच्या सह्या होत्या. पाळी सुरू झाल्या झाल्या त्याने मारुतरावांना ट्रॉलीवरून खाली उतरवलं.

"मारुतराव, टेअर म्हंजे ओझं, हे तुमाला कुनी सांगितलं हुतं?"

मारुतराव तंबाखू मळत होते. "कुनी म्हंजे? तूच की."

"मी?"

"चौसष्ट साल आसंल. पयल्यांदा वॅगन भराया आलतास स्टेशनावर. मी विचारलं, ह्यो आकडा कशाचा. तू म्हनलास, वर ओझं किती ठेवायचं त्याचा. लई ठासून सांगितलंस. नवा हुतास ना, छाती फुगवून बोलायचास."

"खोटं."

"मग पुढच्या वर्साला वही घेऊन मलाच विचारायला आलास. मी म्हनलं, गडी परीक्षा बघतोय. तू सांगितलं हुतंस तेच सांगितलं. सही बी केली. काय झालं?"

खंडूला हे पटेना. मारुतराव आपल्यावर ढकलतात हे उघड होतं. दुपारच्या सुट्टीत जेवण सोडून तो सायकलवर टांग टाकून स्टेशनवर गेला. सोपानराव मालधक्क्यावर पोत्यावर बसून भाकरी खात होते. खंडूने मारुतरावांचं नावही न काढता तेच विचारलं.

सोपानरावांनी कांद्यावर बुक्की मारली. "तूच सांगितलं हुतंस. हितंच, ह्या धक्क्यावर. तो तुमचा ट्रॉलीवाला बी उबा हुता, त्येचं नाव मी घेत न्हाई. तू म्हनलास अठरा किलोच्या वर ठेवलं तर पंप आतल्या आत तडकतोय. मी मनात म्हनलं, रेल्वे कुनाचं ऐकनार हाय, आमी रचनारच. पन अर्थ मातुर ध्यानात ठेवला. वही घेऊन आलास तवा सांगितला."

दोन साक्षीदार. एकमेकांच्या उठबशीतले नाहीत. बोलणं झालेलं नाही. उत्तरं जुळली.

खंडू परत येताना सायकल हातात धरून चालत आला. सगळ्या जगावर नजर ठेवताना एक माणूस त्याने कधी तपासायला घेतलाच नव्हता. प्रोबेशनचे पेढे खाऊन वर्ष होतं न होतं, तोवर स्वतः कुणाला तरी तसाच पेढा चारून तो मोकळा झाला होता, आणि विसरलाही होता.

आता सोमवारची गोष्ट अवघड झाली. चुकीचा अर्थ सांगितला तर जागा सुरेंद्रला. बरोबर सांगितला, तर साहेब पुढचं विचारणार की मग तुमच्या खात्यात पेट्या एकावर एक का लागत नाहीत, शेड कशाला बांधली. त्यावर मारुतराव आणि सोपानराव यांच्या सह्या पुढे केल्या की खंडू सुटत होता. वही त्यासाठीच तर होती. रात्रभर त्याला झोप लागली नाही, असं तानुबाई सांगते. तो घोरत होता, असं शेजारची जाईबाई सांगते.

सोमवारी आधी सुरेंद्रला बोलावलं. तो दहा मिनिटांत बाहेर आला, रुमालाने मान पुसत. मग खंडू आत गेला. साहेबांनी एकेक कागद पुढे सरकवला. कन्साइनी, म्हणजे माल ज्याच्या नावे जातो तो, मग डनेज, डेमरेज. खंडू उच्चारासकट सांगत गेला. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं, आणि तेवढ्यात त्यांचं बोट एका कागदाच्या कोपऱ्यावर थांबलं.

"हा? टेअर?"

"रिकाम्या पेटीचं वजन, साहेब."

"बरोबर." साहेब पुढचा कागद घ्यायला लागले आणि मध्येच थांबले. "मला एक सांगा, मळेकर. मागच्या महिन्यात तुमच्या खात्यात आलो, तेव्हा एक कामगार मला म्हणाला, टेअर अठरा आहे म्हणून पेटीवर पेटी ठेवत नाही. मला ते तेव्हा समजलं नाही. तो काय म्हणत होता?"

वही खंडूच्या काखेत होती. पासष्ट सालचं पान त्याने सकाळीच दुमडून ठेवलं होतं. त्याचा हात वहीकडे गेला, आणि तिथेच राहिला.

"साहेब, तो माजाच शब्द बोलत हुता," खंडू म्हणाला. "मी चौसष्ट साली चुकीचा अर्थ सांगितला. त्यो खात्यानं धरला. तवापासून पेट्या एकट्या उभ्या हायेत. दोश दुसऱ्या कुनाचा न्हाई. काल मी तोलून बघितलं."

साहेबांनी खण उघडला, एक फाइल काढली आणि वाचू लागले. खंडूला ती उलटी दिसत होती, पण चौदा वर्षांत तो उलटी अक्षरंही वाचायला शिकला होता. नव्या शेडचा प्रस्ताव होता. त्यात लिहिलं होतं, की पेट्या 'नॉन-स्टॅकेबल', म्हणजे एकावर एक न रचता येणाऱ्या, असल्याने जादा जागेची गरज आहे. खाली मॅनेजरसाहेबांची स्वतःची सही होती. साक्षीदाराची जागाच नव्हती.

साहेबांनी फाइल पहिल्या पानापासून पुन्हा एकदा वाचून काढली.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?" साहेबांनी विचारलं.

"शब्दाचा खरा अर्थ पुष्कळांना. पन तो चुकीचा कुठनं आला, ते दोघांनाच."

"ते बोलतील का?"

"ते एकमेकांशीच बोलत न्हाईत, साहेब."

"मग ठीक आहे." साहेबांनी फाइल खणात टाकली आणि खण लावला. "पेट्या एकावर एक लावायला घ्या. पण हळूहळू. महिन्याला एक रांग. एकदम नको. आणि तुम्ही डिस्पॅचमध्ये या. तुमच्यासारखा माणूस माझ्या नजरेसमोर असलेला बरा." मग म्हणाले, "या खोलीत काय बोलणं झालं, ते या खोलीत."

खंडू बाहेर आला तेव्हा टाइम ऑफिसच्या दारात श्रीपादराव उभे होते. घड्याळाकडे बघत.

"पाऊण तास," ते म्हणाले. "सुरेंद्रला दहा मिनिटं. काय विचारलं तुला?"

"शब्दच. डनेज, डेमरेज. टेअर."

"सुरेंद्रला टेअर विचारलाच नाही."

"मला इचारला. तुमी सांगितलं तेच बोललो."

"मी सांगितलेला शब्द. बरोबर तोच. आणि एका शब्दाला पाऊण तास?"

ज्या माणसाने कसलाही स्वार्थ नसताना खंडूला खरं सांगितलं होतं, तो आता डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत होता. ती नजर खंडूला चांगली ओळखीची होती, फक्त ती आजवर आपल्याकडे येताना त्याने पाहिली नव्हती.

"जागा मला दिली," तो एवढंच म्हणाला.

"ते कळलं," श्रीपादराव म्हणाले. "का दिली, ते विचारतोय."

डिस्पॅचची खुर्ची टाइम ऑफिसच्या खिडकीसमोरच होती. भीमराज पंधरा दिवसांत निवळले. खंडूने त्यांच्याकडे जाऊन चहाबद्दलचं बोलणं मागे घेतलं, तेव्हा ते म्हणाले, "घे, बस, चहा पी." श्रीपादराव मात्र निवळले नाहीत. लोक खंडूकडे कागद घेऊन यायचे, अर्थ विचारायचे, आणि खंडू मान वर करायचा तेव्हा समोर खिडकीची एक फळी लावलेली असायची आणि उरलेल्या फटीत चष्मा. सुरेंद्र वर्षभरात दुसऱ्या कंपनीत लागला, चांगल्या जागी. तरी फळी उघडली नाही. पेट्या महिन्याला एक रांग या बेताने चढत गेल्या. नव्या शेडमध्ये सायकली उभ्या राहू लागल्या, पुढे दसऱ्याचं जेवण तिथेच होऊ लागलं, आणि हे का झालं असावं यावर श्रीपादरावांचे निदान तीन तर्क होते. तिन्हींत खंडू होता.

ब्याऐंशी साली श्रीपादराव निवृत्त झाले. समारंभ त्याच शेडमध्ये. हार घालायचा मान खात्यातल्या जुन्या माणसाला म्हणून खंडूला दिला. तो मंचावर गेला. बाजूच्या खुर्चीत मॅनेजरसाहेब बसले होते.

श्रीपादरावांनी मान पुढे केली, आणि हार गळ्यात पडता पडता हळूच म्हणाले, "आता तरी सांग. पाऊण तास काय बोलत होतात?"

खंडूने साहेबांकडे पाहिलं. साहेब खंडूकडेच बघत होते.

"सांगन्यासारखं काय न्हाई, श्रीपादराव," तो म्हणाला, आणि हाराचा गोंडा त्यांच्या सदऱ्यावर सरळ करून खाली उतरला.